एका डोळ्याच्या चष्म्याचा जळफळाट

मी एक जुना चष्मा आहे. साधासुधा नाही हं, मित्रांनो! माझ्या उजव्या काचेत मसुरीच्या डाळीएवढा पडदा आहे. समोरचा माणूस बोलला की त्याचे शब्द त्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटतात. ज्यांना कमी ऐकू येतं, ते ती अक्षरं वाचतात. आणि हो, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो, मी पक्का जळकुकडा आहे. का, ते ऐका.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने चिमट्याने पडदा बसवला, दुसरीने दांड्या जोडल्या. टोकाला बसलेल्या तपासनिसाने मला दिव्यासमोर धरलं आणि म्हटलं, "चालेल." माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते एवढंच. पुढे दुकानात मला दाराजवळच्या खिळ्याला टांगलं. आणि बरोबर समोर, काचेच्या कपाटात, मखमलीवर, स्वतःचा वेगळा दिवा लावून तो बसला होता. महागडा! दोन्ही डोळ्यांना पडदे, प्रत्येक माणसाच्या बोलण्याला निराळा रंग, आणि खोलीत कुठेही कुजबुज झाली तरी टिपणारे कान. मी आपला नाकासमोरचंच ऐकतो, आणि माझी अक्षरंही जरा रमतगमत येतात. जो तो आत शिरला की त्याच्याकडे धावायचा. मी मनातल्या मनात त्याला 'राजेसाहेब' म्हणायचो आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एके दिवशी एक मुलगी आली. "माझ्या आत्याला ऐकू येईनासं झालंय," ती म्हणाली. "तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक काय म्हणतं ते कळलं म्हणजे झालं."

"मग ताई, हाच घ्या," विक्रेत्याने लगेच राजेसाहेबांना बाहेर काढलं. "यात सिनेमासुद्धा दिसतो!"

"तिला सिनेमा बघायचा नाहीये, शिलाई मारायचीय," असं म्हणून तिने मला खिळ्यावरून काढलं. राजेसाहेबांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं असणार. मी पिशवीत होतो, नाहीतर डोळे भरून बघितलं असतं.

आत्याचं दुकान म्हणजे एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, आणि दार तिच्या पाठीमागे. गिऱ्हाइकं ओरडून ओरडून कंटाळली होती आणि दुसरीकडे जाऊ लागली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा तिचा मुलगा सारखा म्हणायचा, "आई, बंद कर हे दुकान आणि चल माझ्याकडे. ऐकू येत नाही, कसं झेपणार तुला?" आत्याचं उत्तर ठरलेलं, "मी काय कानाने शिवते का रे?" पण आतून तीही धास्तावली होती. म्हणजे बघा, दुकान राहणार की जाणार, ते माझ्या या दोन दांड्यांवर येऊन पडलं होतं!

मला फक्त समोरचं ऐकू येतं ना, म्हणून आत्याने मशीनजवळ एक स्टूल ठेवलं. ज्याला काही सांगायचं असेल त्याने पुढे येऊन त्या स्टुलावर बसायचं आणि सावकाश बोलायचं. कुणी कॉलर उलटायला आणायचं, कुणी उसवलेली पॅन्ट शिवायला. काम सांगून झालं तरी माणसं उठायची नाहीत. गुडघेदुखी, सुनेचा तोरा, पळून गेलेली मांजर, सगळं माझ्या पडद्यावरून जायचं. गिऱ्हाइकं परत आली. संध्याकाळी आत्या मला मऊ चिंधीने पुसायची आणि म्हणायची, "गुणाचा आहेस रे." मी तर हवेतच!

पण माझं सुख एकाच्या डोळ्यांत खुपलं. मामेबहिणीने चष्मा घेऊन दिला आणि आपण पोटचा मुलगा असून हात हलवत जातो, हे आत्याच्या मुलाला लागलं. जळकुकडे फक्त चष्मेच असतात असं नाही. तो एक भारी डबा घेऊन आला, झाकण उघडलं, आणि आत कोण? राजेसाहेब!

"आई, आठवडाभर वापरून बघ. नाही आवडला तर परत घेतात. पण तो जुना हिरवा आता ठेवून दे बाजूला."

जुना! मला येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं हो.

माझी रवानगी बटणांच्या खणात झाली. तो खण पुरता लागत नाही, त्यामुळे फटीतून मला सगळं दिसायचं. न दिसतं तर बरं झालं असतं. लोक दारातूनच ओरडायचे, "आत्या, बाही आखूड करा!" आणि पिशवी टाकून चालू पडायचे. आत्याला मान वळवायचीही गरज नव्हती. "काय चीज आहे!" असं जो तो म्हणायचा. स्टुलावर गाठोडी चढली. आत्याचा हात खणात यायचा, मी मोहरून जायचो, आणि ती बटण घेऊन खण ढकलायची. राजेसाहेबांची बॅटरी फुटो, काच तडको, असं काय काय मी चिंतलं, तुम्हाला सांगू नये.

आठवडा संपला तेव्हा मुलगा निकाल ऐकायला आला. भाचीही आली होती. आत्या दाराकडे पाठ करून मशीन चालवत होती. तिला ऐकू येत नाही म्हणून तिच्या पाठीमागे खुशाल बोलायची घरातल्यांना सवयच लागली होती. त्या सवयीने मुलगा भाचीच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

मशीन थांबलं. आत्या वळली नाही. मोठ्याने वाचू लागली.

"'मी जागेच्या मालकाशी बोललोय. महिनाअखेर दुकान रिकामं करायचं. आईला आत्ता सांगू नकोस.' निळी अक्षरं आहेत. निळा म्हणजे तूच ना रे?"

मुलगा पांढराफटक पडला. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही म्हणतात. याने ती हौसेने विकत आणून खुपसून घेतली होती.

आत्याने राजेसाहेबांना उतरवलं आणि खण उघडला. मला वाटलं, बटण हवं असेल. तिने मला उचललं! पदराने नाही, त्याच जुन्या चिंधीने पुसलं, डोळ्यांवर चढवलं आणि स्टुलावरची गाठोडी खाली लोटली.

"बस इथे. समोर. आता सांग."

तो बसला. खाली पडलेलं गाठोडं उगाच नीट बांधू लागला. मी थांबलो. मला कुठे घाई असते?

"आई, मागे एकदा मी दारातून हाका मारत होतो. तू वळलीच नाहीस. तसंच कुणी परकं आत शिरलं तर? मला भीती वाटते गं."

ते शब्द मी एकेक करून हिरव्या अक्षरांत उमटवले. आत्याचे डोळे भरून आले. मग तिने कपाळावर हात मारला.

"अरे वेड्या, मग मशीन फिरव की!"

इतकी वर्षं आत्याची पाठ दाराकडे होती आणि ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोघा भावंडांनी हातभार लावून ते फिरवलं. आता दार आत्याच्या समोर आलं. मुलाने तिथल्या तिथे मालकाला फोन केला, "जागा सोडत नाही आम्ही."

मग तो हळूच म्हणाला, "पण हा महागाचा ठेव ना. चांगला आहे गं."

"चांगलाच आहे. हुशारही आहे," आत्या म्हणाली. "पण याला लांबूनच सगळं कळतं, म्हणून माझ्याजवळ कुणी येईनासं झालं. पाठीमागचं बोलणं नको मला. परत दे जा. आणि दर रविवारी येऊन या स्टुलावर बसायचं. ते मात्र तुला महाग पडेल हं!"

राजेसाहेब डब्यात बसून गेले. तुम्हाला वाटेल, माझी जळजळ थांबली. छे! तो निळा रंग आठवला की अजून पोटात दुखतं.

मित्रांनो, आमच्या काचा मऊ कापडाने पुसा, आम्हाला उन्हात टाकू नका. पण ज्यांच्यासाठी आम्हाला आणता, त्यांच्या समोर येऊनही बसा. तेवढं केलंत तर माझ्यासारखा 'चालेल' चष्मासुद्धा पुरतो.

आज रविवार आहे. आत्याने स्टूल पुसून ठेवलंय, आणि आम्ही दोघं दाराकडे बघत बसलोय.