लडी धरणारा

कुलूप आधी उजवीकडे फिरलं, थांबलं, जरा थरथरलं आणि मग सावकाश डावीकडे फिरू लागलं — गॅलरीतल्या दोरीवर लोकरीची लडी वाळत घातलेली, ती ताणून सरळ व्हावी म्हणून तिच्या तळाशी हमिदानं हे कुलूप अडकवलेलं. आपलंच कुलूप. कारखान्यातल्या कपाटाचं. किल्ली कधीच हरवली, पण फेकून कसं द्यायचं म्हणून घरात राहिलेलं, आणि घरात जे जे राहतं ते हमिदा आज ना उद्या विणकामाला जुंपतेच... हसन पलंगावर उशीला टेकून केव्हापासून त्याच्याकडे बघत होता. लोकर वाळली होती. वाऱ्यानं लडी हलत होती ती हलकी होऊन, म्हणजे वाळलीच. म्हणजे आज गुंडा करायला घेणार. म्हणजे आज कुणीतरी लडी धरायला लागणार.

परवापर्यंत ही लडी स्वेटर होती. राखाडीकडे झुकणारा निळा, गळ्याशी दोन रेघा, रात्रपाळीसाठी हमिदानं विणलेला. मोहोपाड्यात थंडी ती किती! डिसेंबरात पाताळगंगेवरून पहाटे धुकं येतं, माणसं दोन-चार आठवडे कानटोप्या मिरवून घेतात आणि पुन्हा पंखे सुरू. पण हमिदाला थंडीशी देणंघेणं नव्हतंच. तिला विणायचं असे. थंडी आली तर आली. स्वेटर घालायला माणसं पुरेनात तेव्हा तिनं घरातल्या वस्तू धरल्या. मिक्सरला झबलं, फ्रीजच्या मुठीला बाही, गॅसच्या सिलिंडरला झालरीचा परकर. लुबनाचं लग्न होऊन ती कर्जतला गेली तेव्हा तिच्याबरोबर जावयाला सहा टोप्या गेल्या, क्रोशाच्या, नमाजच्या, सहाही वेगवेगळ्या नक्षीच्या, आणि बिचाऱ्याचं डोकं एक. ‘एक दिवस मी झोपलेला असताना मलाच विणून टाकशील,’ असं हसन म्हणाला होता. ‘तोंडापासनं सुरुवात करीन,’ ती सुईवरची नजर न काढता म्हणाली होती.

तेव्हा ती असं बोलायची.

विणकामानं तिला लाज सोडायला लावली होती, हेही खरं. एसटीत पुढच्या बाकावरच्या परक्या बाईचा स्वेटर ती बिनदिक्कत उलटा करून बघे — नक्षी पुढून कुणालाही करता येते, बाईचा हात कळतो तो मागून, असं तिचं म्हणणं. लग्नात नवरी कशी दिसत होती ते तिला सांगता येत नसे, पण नवरीच्या मावशीच्या शालीची कड मात्र ती घरी येऊन, बुरखा उतरवायच्या आधी, हातात सापडेल त्या दोऱ्यानं विणून बघे. टाके मोजत असताना घराला आग लागली असती तरी तिला हाक मारायची सोय नव्हती. आणि मग त्या खोपोलीच्या शिळफाट्याच्या फेऱ्या... तिथल्या लोकरीच्या दुकानाबाहेर स्कूटर लावून मी हायवेचा धूर खात उभा, आणि ही बया एकेक गुंडा हातात घेऊन बाहेर उन्हात येते, बोटाला गुंडाळून आणलेल्या धाग्याशी रंग ताडून बघते, मान हलवते, पुन्हा आत. मी चिडायचो. रंगातलं मला कळतं, असं मला वाटायचं. आयुष्य रसायनांत गेलं होतं. मी म्हणालो होतो, हमिदा, नजरेवर जाऊ नको, वेष्टनावरचा बॅचचा नंबर बघ, बॅच बदलली की रंग बदलतो. तिनं नाही ऐकलं. माझा स्वेटर संपत आला आणि लोकर संपली, ती नवी घेऊन आली, उन्हात ताडून बघितलेली, अगदी तीच — आणि डावी बाही गडद झाली. किंचितच. घरात कळायचं नाही, पण कारखान्याच्या पांढऱ्या दिव्याखाली ती स्पष्ट वेगळी दिसायची. पाळीवरची पोरं विचारायची, ‘हसनभाई, यो हात कुनाचा?’

मी तो तसाच वापरला, वर्षानुवर्षं. उसवून नवी बाही विणते म्हणाली तर विणू दिली नाही. का, ते तिला कधी सांगितलं नाही. ती चुकली होती आणि चूक माझ्या अंगावर होती, रोज रात्री बरोबर येत होती — मला ते आवडत होतं.

हा हात कुणाचा... हसननं मान वळवून डाव्या हाताकडे बघितलं. पांघरुणावर तो ठेवल्यासारखा पडला होता. हमिदानंच ठेवला होता सकाळी, बोटं सरळ करून, तळहाताखाली घडी घातलेला टॉवेल देऊन. उन्हाळ्यात नमाजआधी हातपाय धुताना, वजू करताना, लोटा सुटला. वाटलं ओला हात, निसटला. उचलायला वाकला तो उठलाच नाही. पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टर ‘येईल हळूहळू’ म्हणाले. व्यायाम करून घ्यायला यायची ती मुलगीही म्हणायची, ‘येईल, काका.’ पाय आला, म्हणजे भिंतीला धरून मोरीपर्यंत जाण्याइतका आला. जीभ आली, म्हणजे शब्द तोंडात भिजत पडतात आणि उशिरा बाहेर येतात. हात आला नाही. हल्ली कुणी ‘येईल’ म्हणतही नाही.

परवा थंडी पडली म्हणून हमिदानं स्वेटर काढला. उजवा हात गेला, डोकं गेलं, डावा बाहीत शिरेना. ती आतून बोटं धरून ओढत होती, मी खांदा ढकलत होतो, कोपराशी सगळं अडकलं आणि थंडीसाठी स्वेटर घालता घालता आम्ही दोघं घामाघूम झालो. मग तिनं तो अलगद परत काढला. मांडीवर घेऊन बसून राहिली.

‘उसवते,’ ती म्हणाली. ‘पुढनं उघडा करते. बिनबाह्यांचा.’

त्यानं मान डोलावली. आणखी काय करणार? उसवण्याचं तिला कधी दुःख नव्हतंच. अख्खा पाठीचा भाग विणून झाल्यावर तळाशी एक टाका चुकलेला दिसला तर ती हसत सुया काढून घ्यायची आणि धागा सरसर ओढायची — ‘उसवलं म्हणून काय जीव जातो काय? लोकर हाय ना हातात.’ आपल्या कामात असलं काही नव्हतं. झडप उघडली ती उघडली. टाकीत उतरलं ते उतरलं. तिचा हा निर्धास्तपणा त्याला बालिश वाटायचा, आणि हेवाही वाटायचा. परवा मात्र तो सरसर आवाज ऐकताना त्याला वाटलं, डाव्या बाहीपाशी तरी ती थांबेल, काही म्हणेल. ती थांबली नाही. गडद लोकरीची लडी वेगळी बांधली, एवढंच.

आणि लडी बांधायला तिनं खुर्ची घेतली.

जेवणाच्या टेबलाची ती लाकडी खुर्ची, पाठीला दोन खुंट वर आलेले. एरवी उसवलेला धागा त्याच्या दोन हातांवर गुंडाळला जायचा, मग लडी धुऊन वाळली की पुन्हा त्याच्याच हातांवरून गुंड्यात जायची. लग्न झाल्यापासून हे त्याचं काम. हात पुढे, तळवे समोरासमोर, अंगठे वर. धागा सुटेल तशी मनगटं एकदा इकडे, एकदा तिकडे झुकवायची. घरात आवाज हसनचा असायचा, हे तो नाकारत नाही. जेवण, पाहुणे, लुबनाची शाळा, सगळं त्याच्या आवाजानं ठरायचं. पण हातांवर लडी चढली की हमिदा बदलायची. ‘हात वर. वर धरा की ओ. झोपला काय? इकडं झुकवा. इकडं म्हनते तर तिकडं कसं जाता तुमी?’ कारखान्यात ज्याच्या शब्दावर आठ माणसं हलायची तो मी पाटावर बसून हात वर धरायचो. नाक खाजलं तर खाजवता यायचं नाही, अजान झाली तरी गुंडा संपल्याशिवाय उठता यायचं नाही. कुरकुरायचो. पण खरं सांगायचं तर त्या वेळेइतका मी कुठेच सुखी नव्हतो. तिच्या त्या सगळ्या आनंदात माझी जागा तेवढीच होती — दोन हातांची.

दुपारी शेजारची संजना आली. लग्न होऊन ती या इमारतीत आल्यापासून हमिदाकडे क्रोशा शिकत होती. शिकायची कमी आणि बोलायची जास्त. आज तिनं रुमाल आणला होता, तो वाटीसारखा वर वळला होता.

‘काकी, बघा ना, बसतच नाय ह्यो. फोनवर बघूनच केला.’

‘फोनला तुझा हात ठावा हाय काय? घट्ट वडतेस. मुक्या खांबाचे टाके इथं वाढव, दर फेरीला.’ हमिदा हसली. उसवण्याआधी तिनं तो रुमाल उलटा करून मागून बघितला. संजनाशी ती अजून असं बोलायची.

संजनाचं लक्ष गॅलरीतल्या लडीकडे गेलं, मग खुर्चीकडे, मग हसनकडे. ‘काका, तुमची नोकरी खुर्चीला लागली वाटतं!’

हमिदानं तिच्याकडे असं बघितलं की पोर रुमाल पिशवीत कोंबून ‘येते’ म्हणाली. हसनला तिला थांबवायचं होतं. त्याला सांगायचं होतं की बस, अजून बोल, एवढ्या महिन्यांत माझ्याशी सरळ बोललेली तू एकटी... पण शब्द जमेपर्यंत दार लागलं होतं.

हमिदानं लडी आत आणली. कुलूप काढून खिडकीत ठेवलं. खुर्ची ओढली.

‘मी,’ हसन म्हणाला. जीभ जड झाली. ‘मी... धरतो.’

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते त्याला ओळखता आलं नाही, आणि ते तिनं लगेच पुसलंही. ‘बरं,’ ती म्हणाली. उशा लावल्या, त्याला पुढे बसवलं, डाव्या हाताखाली उभी उशी दिली, बोटं एकेक करून सरळ केली आणि लडी चढवली. उजव्या मनगटाला लोकर लागली तेव्हा त्याला साबणाचा वास आला, त्याच्याखाली जुना, आपलाच. डाव्याला काही कळलं की नाही कोण जाणे.

धागा सुटू लागला. उजवं मनगट झुकलं, आपसूक, जणू काल-परवाच धरली होती. डाव्यावर धागा अडकला. हमिदानं वाकून सोडवला. पुन्हा. पुन्हा अडकला, पुन्हा वाकली. तो डाव्याला सांगत होता — झुक. नुसता अंगठा हलव. एवढं एक कर, बाकी काही करू नको, घास उचलू नको, बटण लावू नको, पण हे कर... तो मनातल्या मनात ओरडत होता, आणि हात कुणा दुसऱ्याशी बोलणं चालल्यासारखा पडून होता. मग उशी सरकली. हात घरंगळला, लडी उजव्यावरून ओढली जाऊन पलंगाखाली गेली, आणि फरशीवर निळा गुंता झाला.

आता, हसननं डोळे मिटून घेतले. आता बोल. लक्ष कुठं होतं म्हण, माझी लोकर वाया घालवलीत म्हण, एवढंसं काम नाय जमत म्हण. मी तोंड वेंगाडीन, कुरकुरीन, तू आणखी बोल.

‘राहू द्या,’ हमिदा म्हणाली. ‘दमलात तुमी.’

किती मऊ आवाज. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी त्याची मुलं असंच बोलायची. तिनं त्याला मागे टेकवलं, पांघरूण ओढलं, डावा हात उचलून टॉवेलवर ठेवला. मग ती फरशीवर बसून गुंता सोडवत राहिली. एकदाही चुकचुकली नाही. सुटला तेव्हा तिनं लडी खुर्चीच्या खुंटांवर घातली आणि समोर पाटावर बसली.

ऊन भिंतीवर चढलं. कारखान्यांकडून संध्याकाळचा तो आंबूस वास येऊ लागला. गुंडा तिच्या हातात लिंबाएवढा झाला, मग मोसंब्याएवढा. हसन बघत होता. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि पुढेही असणार नव्हतं. हे असंच, तिचं गुंडाळणं आणि आपलं बघणं, बिनबाह्यांचा एक स्वेटर, मग आणखी काही. खुर्ची कधी दमणार नव्हती.

खुर्चीच्या खुंटाला धागा अडकला. हमिदानं हिसका दिला. मान खाली, नजर गुंड्यावर, कपाळाला आठी. ‘हात वर,’ ती वैतागून म्हणाली. ‘वर धरा की ओ!’

...खुर्चीला म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. ती पुढे वाकली, धागा सोडवला, पुन्हा गुंडाळू लागली.

हसनचा उजवा हात वर आला होता. पांघरुणातून, आपोआप, तळवा आत, अंगठा वर. त्यानं डाव्याला विचारून पाहिलं. तो तिथेच होता. उजवा तेवढा हवेत, त्यावर काहीही नव्हतं. खाली घ्यावा... घेववेना. मनगट झुकलं, परत आलं, खुर्चीवरून धागा सुटत होता त्याच लयीत. खांद्यातून कळ निघाली. तिनं मान वर केली असती तर तिला दिसलं असतं. आणि दिसलं असतं तर ती गुंडा ठेवून उठली असती, हात धरून खाली घेतला असता, आणि त्याच मऊ आवाजात म्हणाली असती, राहू द्या.

गुंडा मोठा होत होता. तिनं मान वर करू नये, एवढंच आता मला हवं होतं.