शेपटीपासून सुरू होणारं मांजर

खडूबाईंना ते नाव मुलांनी ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं होतं की शाळेचा शिपाईसुद्धा त्यांच्या माघारी तेच वापरायचा. बाईंच्या बाहीला खडू, पर्सला खडू, चष्म्याच्या काडीला खडू. एकतीस वर्षं त्या पहिलीला शिकवत होत्या. दुसरी नाही, तिसरी नाही, पहिलीच. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि नेमकं आत्ता वरून फर्मान आलं की नव्या वर्षापासून पहिलीच्या वर्गात फळा काढून मोठा पडदा लागणार, आणि ज्यांना कॉम्प्युटरवर पाठ तयार करता येईल त्यांनाच तो वर्ग मिळणार.

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, आडपडदा ठेवणाऱ्या नव्हत्या. त्या सरळ म्हणाल्या, "पाच दिवसांचं प्रशिक्षण आहे. पाचव्या दिवशी पाठ दाखवायचा, फाईल जमा करायची. केलीत तर पहिली तुमची. नाही झाली तर पहिली धाकटीकडे जाईल, तुम्ही पाचवी घ्या."

धाकटी म्हणजे दुसरीच्या वर्गाची शिक्षिका. वय छत्तीस, पण बाईंच्या शेजारी बसून बसून धाकटीच राहिली. प्रशिक्षणाला जाताना तिने वाटेतच सांगून टाकलं, "खोटं कशाला बोलू बाई, मलाही पहिली हवीय. सहा वर्षं तुमच्या हातची पोरं मी पुढे नेते. एकदा कोरी पोरं मला मिळू देत की."

"माग की मग. मागायला कोण नको म्हणतंय?" बाई म्हणाल्या.

घरी त्यांचे यजमान समजूत घालायला गेले आणि फसले. "पाचवी काय वाईट आहे गं? उलट सोपं. पोरं आपली आपण वाचतात."

"तेच तर!" बाई उसळल्या. "ती वाचायला शिकून आलेली असतात हो! पहिलीतलं पोर महिनोन् महिने नुसतं टकामका बघत बसतं, आणि एक दिवस साबणाच्या कागदावरचं नाव वाचून दाखवतं. त्या दिवशी त्याचं तोंड कसं होतं ते मी एकतीस वर्षं बघतेय. ते मला सोडवत नाही. झालं समाधान?" यजमानांनी पेपर उघडला.

प्रशिक्षणाची खोली म्हणजे एक लांबट हॉल. वीस कॉम्प्युटर, चाळीस शिक्षक, दोघांत एक मशीन. शिकवणारा तरुण हुशार होता, पण बोलायचा असा भरभर, जणू मागे कुणी लागलंय. पहिल्याच तासाला चाळीस शिक्षकांनी मिळून त्याचं नाव माऊसमास्तर ठेवलं. शिक्षकांना विद्यार्थी केलं की ते विद्यार्थ्यांपेक्षा वाईट वागतात हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या रांगेत कुजबुज, मधल्या रांगेत बिस्किटं, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी पाणी प्यायला बाहेर.

बाई आणि धाकटी एकाच मशीनवर. सकाळी बाईंचा हात, दुपारी धाकटीचा. धाकटीने दुसरीसाठी पाण्याचा पाठ घेतला: ढग, थेंब, नदी, नळ, एकूण आठ पानं. बाईंनी घेतलं मांजर. त्यांचं मांजर शाळेत प्रसिद्ध होतं. फळ्यावर त्या आधी शेपटी काढायच्या. नुसती एक वाकडी रेघ. "काय आहे सांगा?" साप, दोरी, रस्ता, मुलं ओरडायची. मग पाठीची कमान, मग एक कान. ओरडा वाढत जायचा. मिशा येईपर्यंत वर्ग बाकांवर चढलेला असायचा, आणि मग बाई त्याच्या बाजूला अक्षर लिहायच्या. ते अक्षर पुढे कुणी विसरायचं नाही.

"तयार मांजरं आहेत ना बाई," माऊसमास्तर म्हणाला. "दोनशे आहेत. एक उचला, इथे ठेवा, झालं."

"तयार मांजर एकदम उडी मारून येतं. मग पोरं बोलणार काय?" असं म्हणून बाईंनी माऊस हातात धरला. पहिल्या दिवशी शेपटी अशी निघाली की धाकटीची हसून हसून पुरेवाट झाली. पण बाई चिवट. दुपारपर्यंत चार पाय आले, थोडे बशीसारखे बसके, पण आले. माऊसमास्तरने सांगितलं, सेव्ह करा. त्यांनी केलं.

मग संध्याकाळ झाली, हॉल रिकामा व्हायला लागला, आणि बाईंनी जे केलं ते धाकटीने पाहिलं नाही, कारण ती जिन्यात फोनवर बोलत होती. बाईंनी आपलं मांजर पुसलं. सकाळीच शिकवलं होतं पुसायचं कसं. आणि पुसलेलं पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत जातं हेही शिकवलं होतं, म्हणून त्यांनी टोपलीही रिकामी केली. यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. एकतीस वर्षं शाळा सुटताना त्यांनी फळा पुसला होता आणि टोपली रिकामी केली होती. सकाळी येणाऱ्याला भरलेला फळा देणं म्हणजे त्यांच्या लेखी उष्टं ताट पुढे करण्यासारखं होतं. सेव्ह करा म्हणाले, केलं. पण कधीपर्यंत, ते कुणी बोललंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्याने शेपटी काढली. धाकटीला वाटलं, बाई सराव करतायत. माऊसमास्तर मागून गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा शेपटी. तो थबकला.

"बाई, अजून शेपटीच?"

"हो ना," बाई हसून म्हणाल्या. त्यांना वाटलं, पोरगा आपुलकीने चौकशी करतोय. त्याने मात्र मनातल्या मनात कपाळाला हात लावला आणि वहीत बाईंच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

चौथ्या दिवशी धाकटीला सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं होतं. ती लवकर निघाली, जाता जाता म्हणाली, "बाई, मशीन तेवढं बंद करा." बाईंनी नेहमीप्रमाणे आपलं मांजर पुसलं. मग त्यांची नजर धाकटीच्या आठ पानांवर गेली. इतके दिवस त्यांनी त्याला हात लावला नव्हता, दुसऱ्याचं दप्तर ते दुसऱ्याचं. पण उद्या परीक्षा होती. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गात एक अक्षर ठेवायचं नसतं, तक्तेसुद्धा उतरवायचे असतात, हे कोणत्याही शिक्षकाला झोपेत विचारलं तरी तो सांगेल. परीक्षेला कुणी उत्तरं घरून लिहून आणतं का? तिथेच लिहायचं, तिथेच जमा करायचं. विसरली बिचारी घाईत, असं म्हणत बाईंनी तिची आठही पानं पुसली, टोपली रिकामी केली, खुर्च्या आत सरकवल्या आणि समाधानाने घरी गेल्या.

पाचव्या दिवशी दहा वाजता धाकटीने मशीन सुरू केलं. बघितलं, पुन्हा बघितलं.

"माझं पाणी कुठंय?"

"पुसलं की मी. परीक्षा आहे ना आज."

माऊसमास्तर धावत आला, टोपली उघडली. "टोपलीसुद्धा?" त्याचा आवाजच चिरकला. "अहो बाई, सगळ्यांच्या फाईली मी आज गोळा करणार होतो! चार दिवसांचं काम होतं ते!"

मागच्या रांगेतून एक शिक्षिका हळू, पण ऐकू जाईल इतपतच हळू बोलली, "बरोबर आहे. ही नापास झाली तर पहिली कुणाकडे राहते?"

चूक बाईंना तेव्हा कळली, आणि लोकांना ती कशी दिसतेय तेही त्याच क्षणी कळलं. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"तुझी शपथ," बाई म्हणाल्या, "मला वाटलं, फळा..." डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीने पुसले, आणि गालाला खडू लागला. चार दिवस खडूला हात न लावताही तो होताच कुठेतरी.

तो पांढरा पट्टा बघून धाकटीने एक मोठा श्वास सोडला. "मला माहितीय," ती म्हणाली. "तुम्ही शाळेच्या सहलीलासुद्धा हॉटेलातल्या पाटीवरचा भाव पुसून आला होतात. पण आता मी करू काय?"

बाईंनी खुर्ची ओढली. "किती वाजता आपला नंबर?"

"तुमचा साडेअकराला. लगेच माझा."

"मग बस. पहिलं पान, वर तुझं ते निळं शीर्षक. ढग तिसऱ्या पानावर, डाव्या कोपऱ्यात. राखाडी. तू दोनदा रंग बदललास. नदी जाड होती, मग तू बारीक केलीस. सांगत बसत नाही, तू अक्षरं घाल, चित्रं मी काढते."

चार दिवस दुपारी शेजारी बसून त्यांनी ती आठही पानं पाहिली होती. चाळीस पोरांत कुणाची पेन्सिल कुठे पडलीय हे न बघता ओळखणारी बाई, तिला आठ पानं जड काय? धाकटी टाइप करत होती, मध्येच बाई माऊस घेत होत्या. ढग आला, थेंब आले, नदी आली, तीही एका दमात, न थरथरता. माऊसमास्तर मागे उभा राहून बघतच राहिला. तीन दिवस शेपटीवर अडकलेली बाई ही?

"बाई, हे कधी शिकलात?"

"रोजच तर काढत होते. तुम्ही सकाळी बघायचात, मी दुपारपर्यंत पूर्ण करायचे, संध्याकाळी पुसायचे."

"म्हणजे चार दिवसांत चार वेळा?"

"मग? फळ्यावर काय एकदाच काढतात?"

साडेअकराला तीन मिनिटं कमी असताना आठवं पान झालं. धाकटीने सेव्ह केलं, दोनदा केलं, आणि माऊसमास्तरने ते ताबडतोब आपल्याकडे घेतलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. "आणि तुमचं मांजर?"

"वेळ कुठे होता?" बाई म्हणाल्या आणि उठल्या.

समोर खुर्चीवर तपासणीला आलेल्या अधिकारी बाई बसल्या होत्या, शेजारी मोठ्या बाई. मोठ्या पडद्यावर कोरं पांढरं पान. "पाठ कुठंय?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"काढते," खडूबाई म्हणाल्या. त्यांनी एक वाकडी रेघ ओढली आणि सवयीने वळून विचारलं, "काय आहे सांगा?"

कुणी बोलेना. मोठी माणसं, लाजणारच. बाईंनी कमरेवर हात ठेवला. "आज सगळे उपाशी आलेत वाटतं."

"दोरी," कुणीतरी म्हणालं. "छे, नदी!" "हत्तीची सोंड!" बाईंनी पाठ काढली. "डोंगर!" एक कान काढला. "ससा!" मागच्या रांगेतली ती मघाची बाई उभी राहून ओरडली, "घुबड हो, घुबड!" चाळीस शिक्षकांचा गलका झाला. मिशा आल्या तेव्हा माऊसमास्तर स्वतः टेबलावर थाप मारून "मांजर!" म्हणाला, आणि मग जीभ चावून मागे सरला. बाईंनी शेजारी अक्षर लिहिलं. अधिकारी बाईंनी लिहिण्यासाठी उचललेलं पेन तसंच हातात राहिलं होतं.

"छान," त्या म्हणाल्या. "फाईल जमा करा."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. तास संपला. आणि बाईंचा हात, डोक्याला न विचारता, पुसायला निघाला.

"पुसू नका!" अख्खा हॉल ओरडला.

पण हॉल ओरडायच्या आधीच धाकटीने त्यांचं मनगट धरलं होतं. ती कधी उठली, कधी पुढे आली, कुणाला कळलं नाही. क्षणभर ती तशीच उभी राहिली. ते मांजर गेलं असतं तर पहिली तिची होती. मोठ्या बाई बघत होत्या, बाई बघत होत्या, आणि धाकटीलाही ते पुरतं ठाऊक होतं. तिने बाईंच्या हातातून माऊस काढून घेतला आणि सेव्ह केलं. फाईलला नाव मागितलं तेव्हा तिने लिहिलं: पहिलीचा वर्ग.

"अगं," बाई हळूच म्हणाल्या, "तुला हवी होती ना?"

"हवीच आहे." धाकटीने नाक ओढलं. "तीन वर्षांनी द्या. वर्गही द्या आणि हे मांजरही द्या. फक्त तोपर्यंत मेहेरबानी करून ते पुसू नका."