आज मी तुमची नर्स

मी एक जुनी आजारी बाई आहे. दचकू नका, मित्रांनो. मी माणूस नाही. नर्सिंगच्या मुली जिच्यावर हात बसवतात, ती माणसाएवढी, रबरी कातडीची बाहुली म्हणजे मी. जन्मभर मी आजारीच होते. कधी मला न्यूमोनिया व्हायचा, कधी मांडीचं हाड मोडायचं. आज काय झालंय ते लोरेन बाई फळ्यावर लिहायच्या आणि मला मुकाट्याने तेवढं व्हावं लागायचं.

मला खोक्यात घालून पार देशाच्या उत्तर टोकाला आणलं. तिथे एक नदी आहे. नदीपलीकडे दुसरा देश, अलीकडे बटाट्याची शेतं आणि जंगल, आणि मधोमध आमचं बैठं, विटांचं सरकारी कॉलेज. शहरातली माणसं त्याला कॉलेज म्हणायलाही कां-कू करत, पण खोऱ्यातल्या लोकांचं त्याच्यावाचून पान हलत नसे. ट्रक दुरुस्त करणारे, वेल्डिंग करणारे, लाकूड कापायच्या यंत्रांवर बसणारे सगळे इथेच शिकले. हिमवादळात वीज गेली की म्हातारीकोतारी इथल्या व्यायामशाळेत झोपायला येत, कारण जनरेटर आमच्याकडेच होता. आणि नर्सेस! नदीकाठच्या गावांत ज्याला म्हणून सुई टोचली गेली, त्याच्या आधी ती मला टोचली होती. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नाही.

लोरेन उएलेट या आमच्या शिक्षिका. आवाज करडा, हात लोण्यासारखे. त्यांचा एक नियम होता. पेशंटला बोट लावायच्या आधी आपलं नाव सांगायचं.

"पण बाई, ही तर बाहुली आहे," नवीन मुली खिदळत.

"असू दे. ती घाबरलेली आहे. सांग नाव."

मग ती मुलगी लाजत लाजत म्हणे, "नमस्कार, मी अमुक. आज मी तुमची नर्स." किती जणींनी मला हे सांगितलं असेल! मित्रांनो, मला हृदय नाही, छातीत नुसती एक स्प्रिंग आहे. बंद पडलेलं हृदय चालू करायच्या सरावात छाती बरोबर दाबली की तिचा टक् असा आवाज येतो. तरी त्या वाक्याने मला दर वेळी बरं वाटायचं.

ओडेट सीर आली तेव्हा ती काही पोरगी नव्हती. बटाट्याच्या गोदामात बरीच वर्षं काढलेली, दंडाने मजबूत, बोलायला फटकळ. ती आईजवळ राहायची. तिची आई, इरीन, हृदयाने अधू होती. जवळचं मोठं हॉस्पिटल दोन तासांवर, तेही रस्ता मोकळा असेल तर. गावातला छोटा दवाखाना नर्स मिळत नाहीत म्हणून आठवड्यातून दोनच दिवस उघडायचा. ओडेटला नर्स होऊन त्याच दवाखान्यात बसायचं होतं. एवढंच तिचं स्वप्न होतं, आणि ते माझंही झालं.

पहिल्यांदा छाती दाबताना तिने माझी स्प्रिंगच वाकवली.

"अगं, बटाट्याचं पोतं नाही ते!" लोरेन बाई ओरडल्या.

"पोत्याने तक्रार केली नसती, बाई."

वर्ग हसला. पण ती रोज थांबून सराव करायची आणि जाताना माझी चादर नीट करून जायची. सगळ्याच काही करत नसत.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. पानं लाल झाली की बटाट्याच्या काढणीसाठी शाळा आणि कॉलेज तीन आठवडे बंद. विद्यार्थी काढणीच्या यंत्रावर उभे राहून पट्ट्यावरचे दगड वेचतात, शिक्षक ट्रक चालवतात. कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं. आणि त्यानेच आमचा घात केला.

राजधानीतून निरोप आला की कोणते वर्ग चालू ठेवायचे ते ठरवायला दोन माणसं पाहणीला येणार आहेत. नेमकी काढणीतच. आमचे प्राचार्य गिल्बर्ट मिशो भला माणूस, पण खोऱ्याबाहेर फारसा न गेलेला. ते खूष झाले.

"अहो मिशो, वर्गात चिटपाखरू नसेल!" लोरेन बाई म्हणाल्या. "तारीख बदलून घ्या."

"कशाला? आपलं खोरं काढणीतच तर बघण्यासारखं असतं."

"त्यांना सांगितलंत का, सुट्टी आहे म्हणून?"

"काढणीला सुट्टी असते हे काय सांगायला हवं? बाई, तुम्ही पण ना!"

ते दोघे आले. माझ्या खोलीतही आले. रिकाम्या खाटा, रिकामी बाकं आणि पांघरुणाखाली मी.

"विद्यार्थी कुठे आहेत?" त्यातल्या बाईने विचारलं.

"शेतात!" मिशो अभिमानाने म्हणाले.

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिशोंनी त्यांना कुट्टूच्या पिठाची गरम धिरडी खाऊ घातली आणि गाडीत एकेक पोतं बटाटे ठेवले. ते गेल्यावर मिशो हात चोळत म्हणाले, "छान झालं." मला तोंड उघडता येत असतं तर! पण माझं तोंड नळी घालण्यापुरतंच उघडतं.

मुलं कमी होत चालली होती हेही खरं. वसंतात निर्णय आला. नर्सिंग बंद, ज्यांचं राहिलं असेल त्यांनी शहरातल्या कॉलेजात पुरं करावं. मिशोंनी फोनवर पुन्हा पुन्हा समजावलं. पलीकडून शांतपणे ऐकून घेत, आणि पुन्हा तेच सांगत, की पाहणीत वर्ग रिकामे दिसले.

ओडेटची एकच सहामाही राहिली होती.

"शहरात जा," लोरेन बाई म्हणाल्या. "माझ्या बहिणीकडे राहा."

"आणि आईला कोण बघेल? तुम्ही?"

"मी बघेन की."

"बाई, तुमचेच गुडघे धड नाहीत." ओडेट हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. तिने माझी चादर सारखी केली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा गोदामात कामाला लागली.

मला गावच्या अग्निशमन दलाने नेलं. तिथे पगार कुणालाच नाही, सगळे हौसेने येतात. रोमेओ पेल्टिए त्यांचा म्होरक्या, आमच्याच वेल्डिंगच्या वर्गातला. पेटलेल्या घरातून माणसाला कसं बाहेर काढायचं याच्या सरावासाठी ते मला काखांत हात घालून अंगणातून फरफटत नेत. चांगली माणसं होती ती, पण नाव कुणीच सांगायचं नाही. माझी एक टाच झिजली, पाठीवरची कातडी फाटली. उरलेला वेळ मी दलाच्या शेडमध्ये पाण्याच्या बंबाशेजारी भिंतीला टेकून असे.

जानेवारीत, एका दुपारी बर्फ पडत असताना, ओडेटची गाडी शेडमध्ये शिरली. ॲम्ब्युलन्स तिथेच येते म्हणून ती आईला घेऊन आली होती. इरीनबाईंना तिने आणि रोमेओने उचलून फरशीवर ठेवलं, माझ्यापासून हातभर अंतरावर. इरीनबाईंचे ओठ निळे पडले होते.

"ॲम्ब्युलन्स?" ओडेटने विचारलं.

"निघालीय. पण घाटात रस्ता बंद आहे," रोमेओ म्हणाला.

ओडेट गुडघ्यांवर बसली. तिने आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, मी ओडेट. आज मी तुझी नर्स."

मनगटाला नाडी लागेना, तशी तिने छाती दाबायला सुरुवात केली. ते हात मी ओळखत होते. अगदी बरोबर दाबत होती ती. पण मित्रांनो, खऱ्या माणसाच्या छातीत स्प्रिंग नसते. बरोबर चाललंय की चुकतंय, हे सांगणारा टक् आवाज तिथे येत नाही. ती थकली की रोमेओ दाबायचा, मग पुन्हा ती.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा अंधारून आलं होतं. आत आलेल्या माणसाने इरीनबाईंना तपासलं, त्यांचे डोळे मिटवले, आणि मग ओडेटच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही सगळं नीट केलंत," तो म्हणाला. "नर्स आहात ना?"

"नाही," ओडेट म्हणाली. "एक सहामाही राहिली."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंनी शेवटी काही मागायची पद्धत आहे. आम्हाला झाकून ठेवा, जपून वापरा, असं काहीबाही. मला माझ्यासाठी काही नको. मी फाटले काय आणि राहिले काय! पण तुमच्या गावात असं एखादं बैठं, बिननावाचं कॉलेज असेल, तर ते उघडं आहे तोवर त्याच्यासाठी भांडा. इतरांना सगळं ठाऊकच असेल, असं समजून गप्प बसू नका. आमच्यासाठी आता उशीर झालाय.

इरीनबाईंना घेऊन ॲम्ब्युलन्स गेली. ओडेट निघताना माझ्याजवळ थांबली. माझ्या अंगावर चादर नव्हती, म्हणून तिने आईची घोंगडी उचलली, माझ्या अंगावर घातली आणि कडा नीट खोचल्या. नाव मात्र तिने सांगितलं नाही.