सात टिपांचं खोगीर

आमच्या वेंडलची कंबर एवढी रुंद की दुकानातलं एकही खोगीर त्याला बसेना. घोड्याचं नव्हे, झाडावरचं. ढुंगणाखाली जाड कापडाची झोळी, तिला पुढे दोर, आणि तो दोर झाडाला. पायाखाली पाटाएवढी लोखंडी फळी, तीही खोडाला पट्ट्याने आवळलेली. माणूस मागे रेलून तासन्‌तास तसाच लटकतो, धनुष्य मांडीवर घेऊन, आणि खालून हरीण जाईपर्यंत नाकसुद्धा खाजवत नाही. आमच्याकडे उत्तर विस्कॉन्सिनमध्ये हल्ली निम्मे पुरुष असेच लटकतात. मचाण बांधायचा कंटाळा.

"लोर्ना, तूच शिवून दे ना," ऑगस्टमध्ये माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून तो म्हणाला. तोंडात माझंच बिस्किट.

"माणसाला खोगीर? मग नालही ठोकून घे."

"तेही तूच ठोक. लहानपणापासून तूच ठोकत आलीयस मला."

मी त्याची बहीण, त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. वीस वर्षं मी ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या. कारखाना बंद झाला तेव्हा मशीन घरी घेऊन आले, ते अजून गोठ्याशेजारच्या खोलीत आहे. त्यामुळे शिवायचं कसं हा प्रश्न नव्हता. मला आठवले ते बाबा.

बाबा फळ्या ठोकून केलेल्या मचाणावरून पडले तेव्हा मी पंचवीसची होते. पट्टा त्यांच्या कमरेला होता, बकल लावायचं तेवढं विसरले होते. पुढे अकरा वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. दिवसातून सहा वेळा त्यांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते काम माझं. चादरीचं दुसरं टोक वेंडलच्या हातात असायचं, शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर. लग्न दोघांनीही केलं नाही. बाबांना पुरलं त्या दिवशी मी मनात ठरवलं होतं, आता या घरातलं कोणी झाडावरून पडणार नाही.

म्हणून मी हो म्हटलं. मी नाही म्हटलं असतं तर तो दुसऱ्या कोणाकडून शिवून घेणार, आणि दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नाही.

क्लेटनने कागदावर आकृती काढून दिली. तो शेजारच्या शेतावरचा, वेंडलचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने स्वतःसाठी दोन खोगिरं शिवली होती. कमरेच्या दोन्ही बाजूंना पट्टा दुमडून एकेक कडी करायची, पुढचा दोर त्या कड्यांतून जातो, सगळा भार तिथेच येतो.

"तिथे तीन टिपा पुरे," क्लेटन म्हणाला.

मी सात मारल्या. ताडपत्रीचा नायलॉन दोरा, दातांनी तुटत नाही तो. मग खोगीर गोठ्याच्या तुळईला टांगलं आणि त्यात गुरांच्या खाद्याची चार पोती भरून तीन दिवस ठेवलं. शिवण केसभर ताणली नाही.

"सात?" वेंडल बोटाने टिपा मोजत म्हणाला. "मला टांगायचंय की ट्रक?"

"तुझ्यात आणि ट्रकमध्ये फरक कितीसा आहे?"

तो हसला. त्याला हसवणं सोपं होतं. मग त्याने खोगीर चढवलं, तुळईला लटकला, पाय झाडत झोके घेऊ लागला, बावन्न वर्षांचा घोडा. मी खालून पाहिलं तर मांड्यांची दोन्ही बकलं उघडी लोंबत होती.

"बकलं," मी म्हटलं.

"अरे हो, राहिलीच," तो म्हणाला आणि परत हसला.

माझं डोकं फिरलं. त्याला उतरवलं, कात्री घेतली आणि कमरेचं, मांड्यांचं, सगळी बकलं कापून काढली. पट्टे त्याच्या मापाने जोडून शिवून टाकले. आता विजारीसारखं पायातून वर चढवायचं, विसरण्याजोगं काही शिल्लकच नाही.

"आणि वर असताना काढायची वेळ आली तर?" वेंडलने विचारलं.

"खाली येऊन काढ. वर काढायचं काय काम?"

क्लेटन दारात उभा होता. "लोर्ना, कमरेचं एक तरी राहू दे. कंपनीवाले उगाच लावत नाहीत."

"कंपनीवाल्यांनी आमच्या बाबांचं हागणंमुतणं काढलं नाही," मी म्हटलं. 

सप्टेंबरपासून वेंडल त्या खोगिरात बसू लागला. पहिल्याच आठवड्यात एक मादी मारली, काळीज माझ्याकडे आणून दिलं, कांद्यावर परतून आम्ही दोघांनी खाल्लं. पाळण्यात बसल्यासारखं वाटतं, सगळ्यांना सांगत सुटला होता. लोर्नाने सात टिपा मारल्यात, तुमच्या बायका बटणं तरी लावतात का?

नोव्हेंबरात नर हरणं माजावर येतात, तेव्हा आमचे पुरुष उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत झाडावरच बसतात. त्या दिवसांत दुसऱ्याच्या रानात कोणी पाऊल टाकत नाही. माणसाचा वास पसरला की हरीण दोन दोन दिवस फिरकत नाही. लोक भावाला माफ करत नाहीत त्यासाठी.

त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता क्लेटनने वेंडलच्या रानाच्या हिरव्या फाटकापाशी त्याची गाडी पाहिली आणि पुढे गेला. एक वाजता पोस्टातून येताना मीही पाहिली. थांबलेसुद्धा, काच खाली करून. पश्चिमेचा वारा होता. मी आत गेले असते तर माझा वास सरळ त्याच्या झाडावर गेला असता, आणि मग नाताळपर्यंत त्याचे टोमणे ऐकावे लागले असते. काच वर केली, घरी आले, बटाटे सोलले.

अंधारून आलं तरी तो आला नाही. क्लेटनला घेऊन मी फाटकापर्यंत गेले. तो मला म्हणाला, तू इथेच थांब. वीस मिनिटांनी परत आला तेव्हा त्याची टोपी हातात होती.

"पडला का?" मी विचारलं.

"नाही," क्लेटन म्हणाला. "पडला नाही."

देवा, क्षणभर मला बरं वाटलं. मग त्याचं तोंड पाहिलं.

पायाखालच्या फळीचा पट्टा सरकला होता. फळी गेली, वेंडल हातभर खाली आला, खोगिराने त्याला झेललं. झेलताना तो खोडावर आदळला आणि त्याचा उजवा खांदा निखळला, त्यामुळे वर ओढून घेता येईना. फोन आणि सुरी पिशवीत, पिशवी वरच्या हुकाला, हाताच्या पल्ल्याबाहेर. धनुष्य आणि बाण खाली पाचोळ्यात. कापड मांड्यांत आणि बरगड्यांत रुतत गेलं. तसं लटकलं की पायात उतरलेलं रक्त वर चढत नाही, डॉक्टरने सांगितलं. फळी सकाळी आठच्या सुमाराला सरकली असावी, पुढे चार तास तरी तो जिवंत असावा, म्हणाला. म्हणजे क्लेटन फाटकावरून पुढे गेला तेव्हा होता. त्याचे बूट जमिनीपासून दहा फुटांवर होते. मला लोकांनी विचारलं नाही, पण मी डॉक्टरला विचारलं, खोगिराला बकलं असती तर? तो फायलीत बघत राहिला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम आणि भाजलेले बटाटे. एकेक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून जात होता.

"शिवण मात्र पक्की निघाली गं," म्हणत होते. "तुझ्याकडून काही कमी पडलं नाही."

मी मान हलवत होते. 

पंधरा दिवसांनी शेरीफच्या माणसाने खोगीर कागदी पिशवीत घालून आणून दिलं. तीन दिवस मी पिशवीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी सकाळी भांडी घासून झाली आणि करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते टेबलावर काढलं. उजवी कडी जशीच्या तशी होती. डाव्या कडीपाशी दोऱ्याचा भुगा होता, आणि कापडाच्या घडीत त्याच्या गाडीची किल्ली अडकलेली. किल्लीच्या दात्यांत माझा दोरा होता.

धड राहिलेल्या डाव्या हाताने तो किल्लीने टिपा कापत बसला होता. कडी सुटली असती तर दोर निसटला असता आणि तो सुटला असता. मी बोट लावून मोजलं. पहिली टीप या टोकापासून त्या टोकापर्यंत तुटलेली. दुसरी. तिसरी. चौथीत मध्येच दिशा बदलली होती, बहुतेक हात दुखला असेल. पाचवीही त्याने पुरी केली होती. किती राहिल्यात ते त्याला ठाऊक होतं. बोटाने मोजल्याच होत्या त्याने.

दोन उरल्या होत्या. दीडशे किलोंचा माणूस दोन टिपांवर लटकत होता आणि त्या ताणल्यासुद्धा नव्हत्या. एवढी चांगली शिवण मी आयुष्यात घातली नव्हती.

क्लेटनने तीन सांगितल्या होत्या.

तीन असत्या तर तो पडला असता. दहा फुटांवरून, पाचोळ्यात. पाय मोडला असता. फार तर कंबर मोडली असती, आणि बाबांसारखा पडून राहिला असता, त्याच खोलीत, त्याच पलंगावर, आणि मला शिव्या घालत बसला असता.

मी कात्री आणली आणि उरलेल्या दोन टिपा कापायला बसले. उजेड चांगला होता, हात दोन्ही धड होते, कात्रीला नवी धार होती, तरी वेळ लागला. कडी उघडली तेव्हा दहा वाजले होते. दहा म्हणजे बाबांची कूस बदलायची वेळ. मला अजून सगळं येतं, एका हाताने खांदा कसा धरायचा, चादर कुठून ओढायची.