धाकटीच्या हातची माती

थोरलीला माती सैल दिसली की राहवत नसे. आयुष्य घरच्या वीटभट्टीवर गेलेलं. माती तुडवायची, साच्यात दाबायची, ठोकायची, एवढंच तिच्या हातापायांना ठाऊक. भट्टीवर तिच्यापुढे कुणी ब्र काढत नसे. धाकट्या दिराची बायको तर मुळीच नाही, कारण धाकटीने थापलेली वीट उचलली की कोपरा हातात यायचा. हिच्या विटांच्या घरात शिंकसुद्धा जपून द्यावी लागेल, असं थोरली चारचौघांत म्हणायची आणि धाकटी ते हसण्यावारी न्यायची. दुसरं काय करणार बिचारी!

माती संपली, भट्टी बंद पडली आणि मागे उरला एक भलामोठा खड्डा. तळ असा की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. गवताचं पातंही नाही. दीर व्यवहारी माणूस. त्याने कचऱ्याच्या ठेकेदाराशी बोलणं लावलं. थोरली हटून बसली. या जमिनीने आपल्याला पोसलं, तिला अशी उघडी टाकून मी डोळे मिटायची नाही, असं तिने सुनावलं. जमीन सामाईक, म्हणून दिराने तडजोड काढली. पाच वर्षं घ्या. खड्डा जिवंत झाला तर झाला, नाहीतर कचरा.

थोरलीने कंबर कसली. रोपं आणली, पाणी घातलं, कुंपण घातलं. रोपं मेली. पुन्हा लावली, पुन्हा मेली. तिसऱ्या वर्षी तिने रोपवाटिकेच्या माळ्याला बोलावलं. तो एक वाळकं रोप उपटायला गेला, तर ते निघेना. थोरलीने प्रत्येक रोपाभोवतीची माती आधी टाचेने आणि मग जमीन चोपायच्या धुम्मसाने ठोकून ठोकून भट्टीच्या अंगणासारखी टणक केली होती.

"काकी," माळी म्हणाला, "तुम्ही झाड लावलं नाही, भिंतीत चिणलंय."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. चूक कळली, पण पाय थोडाच ऐकतो! माती भरून झाली की टाच आपोआप उचलली जायची. शेवटी तिने धाकटीला हाक मारली. ती हाक किती जिवावर आली, हे तिचं तिलाच ठाऊक.

मग असं ठरलं की थोरलीने तळ फोडायचा आणि निमूट काठावर जाऊन बसायचं. धाकटीने पाचोळा आणि शेण मिसळलेली माती अलगद सोडायची, वरून थापायची नाही. थोरलीचे पाय शिवशिवायचे. मग धाकटी डोळे वटारायची, आणि भट्टीची मालकीण पोरीसारखी गप्प बसायची.

त्या वर्षी पाणी मुरलं. आधी रानगवत आलं, मागोमाग किडेमुंग्या, त्यांच्यामागे बेडूक. पाखरांनी कुठून कुठून बिया आणल्या आणि कुणी न लावलेली झुडपं कमरेएवढी झाली. सखल भागात पाणी टिकलं, त्यावर चतुर भिरभिरू लागले.

पाचव्या वर्षी दीर ठेकेदाराला घेऊन आला. उतार कसा सोयीचा आहे ते सांगत तो काठावर पोहोचला आणि थबकला. गवतातून एक पाणकोंबडी पिल्लांची रांग घेऊन निघाली होती. ठेकेदार मात्र मुरलेला. एक कोपरा दिला तरी चालेल, तेवढ्यावर भागवू, असं तो म्हणाला. दिराने वहिनीकडे पाहिलं. थोरलीच्या जिभेवर आग होती. तिने ती गिळली.

"मला नका विचारू, भावजी. माझ्या हातचं सगळं मेलं. हे हिच्या हातचं आहे, हिला विचारा."

त्या घरात धाकटीला कुणी काही विचारायची ही पहिलीच वेळ. ती वाकली, मूठभर माती उचलून तिने नवऱ्याच्या तळहातावर ठेवली. मातीत गांडूळ वळवळत होतं.

"अहो, हे मी केलंय," ती म्हणाली. "इथे कोपरासुद्धा मिळणार नाही."

नवऱ्याने ती माती जपून खाली ठेवली आणि ठेकेदाराला दुसरी जागा बघायला सांगितलं.

ठेकेदार गाडीत बसत होता, तरी त्याला ऐकू जाईल अशा आवाजात थोरली म्हणाली, "ही माझी जाऊ आहे."