चिमणीच्या पंखातली चीर

“पोरी, याले पान्यात ठेवू नको. तेलाच्या फडक्यानं पुसत जाय,” एकदा शाई लावून दाखवून मला हाती देताना किसनराव सुतारांनी बजावलं होतं. कोकिळाताई हसल्या. “काका, तेलानं कुठं शाई निघते?” म्हणाल्या आणि घरी येऊन मला पाण्याच्या वाटीत टाकलं. तेवढ्यात त्यांची तान्ही लेक छबू रडली, त्या तिला घेऊन बसल्या, आणि मी दुसऱ्या दिवशीपर्यंत वाटीतच राहिलो.

मित्रांनो, मी एक शिसवी ठसा आहे. ज्वारीच्या कणसावर बसलेली चिमणी माझ्या अंगावर कोरलेली आहे. तिच्या पिसांची एकेक रेघ कोरायला किसनरावांना आठ दिवस लागले. मी वाळलो तेव्हा त्या पंखात केसाएवढी चीर पडली होती. कोकिळाताईंचे डोळे भरले. किसनराव मात्र एवढंच म्हणाले, “जाऊ दे. चिमणी उडली नाही ना?”

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, तेव्हाची, पाच-सहा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कोकिळाताईंचे यजमान महादेवराव साखरखेर्ड्याला शिक्षक होते, आणि किसनरावांचं घर अगदी भिंतीला भिंत लागून. किसनरावांच्या पत्नी झुंबरकाकूंनी छबूला तेल लावून न्हाऊ घातलं, पहिला घास भरवला. पुढं महादेवरावांची डोणगावला बदली झाली. त्याच वर्षी किसनराव गेले. काकू एकट्या राहिल्या, आणि मोतीबिंदूनं त्यांची नजरही गेली.

मग दर संक्रांतीला कोकिळाताई भेटकार्डं करू लागल्या. मला शाई लावून जाड कागदावर दाबायच्या. शाई ओली असतानाच वर राळेची बारीक पूड भुरभुरायच्या आणि जास्तीची झटकून टाकायच्या. मग तो कागद शेगडीवर अंतरानं धरायचा. हे करताना त्यांची मान घडोघडी मागं वळायची, छबू शेगडीकडे येत तर नाही ना म्हणून. ऊब लागली की राळ वितळायची आणि चिमणीची प्रत्येक रेघ फुगून चकाकायची. बोट फिरवलं तर पीस न् पीस हाताला लागायचं.

त्यातलं पहिलं कार्ड झुंबरकाकूंना जायचं. काकूंना लिहिता येत नव्हतं. पण चार दिवसांत एसटीच्या कंडक्टरच्या हाती भाजलेल्या तिळांची पुरचुंडी यायची. तेच त्यांचं उत्तर.

एका वर्षी हेडमास्तरांच्या सिंधूताई कार्ड पाहून म्हणाल्या, “चिमणीचा पंख मोडल्यासारखा दिसते हो.” कोकिळाताईंच्या मनाला ते लागलं. त्यांनी लाख वितळवून माझी चीर बुजवली. खरं सांगतो, मी फार सुखावलो. त्या वर्षीची चिमणी अगदी अखंड उमटली.

पण पुरचुंडी आली नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले, रथसप्तमी जवळ आली.

“टपाल उशिरा जाते कधी कधी,” महादेवराव म्हणाले.

“टपालाला उशीर होतो. काकूंना होत नाही,” कोकिळाताई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी दोनदा भाजीत मीठ घातलं. रविवारी सकाळी त्यांनी छबूला कडेवर घेतलं, न जाणो, कार्ड गहाळ झालं असलं तर तिथंच नवं करू म्हणून मला, शाईला, जाड कागदाला आणि राळेच्या डबीला पिशवीत टाकलं आणि एसटी गाठली.

साखरखेर्ड्यात शिरल्यावर त्या एवढ्या भराभर चालत होत्या की पिशवीत मी राळेच्या डबीवर आपटत होतो. काकूंचं दार उघडं होतं. काकू उंबऱ्यात बसल्या होत्या, काळजीनं वाळलेल्या.

“काकू, मी कोकिळा.”

“कोकिळा? बरी हायेस ना वं? पोरगी बरी हाये?” काकूंनी चाचपडत छबूचं डोकं शोधलं. “तुहं कार्ड आलं नाही. मले वाटलं, पोरीले काही झालं. तुह्याकडे यावं तं रस्ता दिसत नाही.”

“पण मी पाठवलं होतं.”

आत मिठाच्या मडक्यावर झाकण म्हणून एक जाड कागद ठेवलेला होता. कोकिळाताईंनी तो उचलला. तीच अखंड चिमणी.

“हे? दाराखालून कोनी सरकवलं होतं,” काकू म्हणाल्या. “म्या बोट फिरवून पाह्यलं. पंखात चीर नाही. म्हटलं, दुकानदाराचा कागद असन. माह्या मालकाच्या चिमणीले तं चीर हाये. तुही चीर.”

कोकिळाताई रडता रडता हसू लागल्या. मग पदराची सेफ्टीपिन काढून त्यांनी माझ्या पंखातली लाख कण कण करून टोकरली. काकूंच्याच चुलीवर नवं कार्ड झालं. काकूंचं बोट रेघेवरून सरकत गेलं, मधेच थबकलं.

“हाव,” त्या म्हणाल्या. “आता आली.”

परतताना पुरचुंडी पिशवीत माझ्याशेजारी होती, अजून कोमट.

मित्रांनो, आता मला रोज तेलाचा फडका मिळतो. माझी चीर कुणी बुजवत नाही. वस्तू सांभाळा, आणि तिला सांभाळायचं कसं हे सांगणाऱ्याचं ऐका. आणखी एक निरोप आहे. कोकिळाताई तो बाकीच्यांच्या प्रत्येक कार्डाच्या मागं लिहितात, तुम्हांलाही सांगायला लावलाय: ‘साखरखेर्ड्याला जाणं झालं, तर सुतारगल्लीत झुंबरकाकूंकडे डोकावून या. लांबून हाक मारू नका. जवळ जा, हात हातात द्या, आणि त्या कशा आहेत ते मला कळवा.’