सगळ्यांच्या वाट्याची सुई

बंडोपंत कंपाउंडरांच्या दारातून कोणी रिकाम्या हाती जात नसे. देवळात तीर्थ कमी पडलं की पुजारी पळी अर्धी करतो, पण शेवटच्या माणसालाही थेंब देतोच. पंतांनी तोच न्याय पेनिसिलिनला लावला होता. ते कामाला होते त्या धर्मार्थ इस्पितळात बाटल्या येत मोजक्या, आणि वडनेर-समुद्रपूरकडची माणसं येत बैलगाड्या भरून. मग डॉक्टरांनी एकाला सांगितलेली सुई पंत चौघांना वाटून देत. ताप उतरे, माणूस पाया पडून घरी जाई. डॉक्टरांना हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पुण्य करायला परवानगी कोण काढतो?

मग त्यांची लेक शरयू बाळंतपणाला माहेरी आली. त्याच इस्पितळाच्या वॉर्डात बाळंत झाली, आणि आठवड्याच्या आत तिची छाती सुजून लाल झाली, अंग तापानं फणफणलं. या वेळी पंतांनी कुणालाही वाटा दिला नाही. पुरी मात्रा, वेळच्या वेळी, स्वतःच्या हातानं टोचली. ताप जागचा हलला नाही.

"नागपूरहून पू तपासून आला," डॉक्टर मधुकरराव वॉर्डाच्या दारात म्हणाले. "आपल्या वॉर्डातले जंतू पेनिसिलिनला जुमानत नाहीत. अपुरी मात्रा दिली की दुबळे मरतात, चिवट तेवढे उरतात आणि खाटेखाटेवर पसरतात. पण आपण तर पुरी मात्रा देतो. आता चीर देऊन पू काढून पाहू. पोरीत ताकद राहिली पाहिजे."

ज्या पुण्याची पंतांना इतकी मिजास होती, ते पोरीच्या छातीत पू होऊन साचलं होतं. तिच्याकडे मान वर करून बघण्याचीही त्यांना लाज वाटली.

ते बाहेर आले. पायरीवर भागाबाई नातवाला घेऊन बसली होती. त्याच्या गळवाला पंतांनीच मागे पाव सुई दिली होती; ते पुन्हा वर आलं होतं.

"पंत, तुमची पोरगी लय बिमार हाय म्हनते," ती म्हणाली. "आज डॉक्टरनं याले सुई सांगतली. थे तुमी तिलेच देऊन टाका. तुमी आमाले कधी नाई म्हनलं नाई."

पंत दारातल्या डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टरसाहेब, पुरी मात्रा कुणालाच मिळत नव्हती," ते म्हणाले. "एकाची सुई मी चौघांना वाटत होतो."

भागाबाई दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मंग त्यात काय वाईट केलं पंतानं?" ती म्हणाली. "सगळ्यायले भेटली ना."